वरून अळूचं पान, आतून स्पंज

"मंग इतके वर्सं तू पाणीच मोजून रायली काय?"

आजीनं हे विचारलं तेव्हा मी अकोल्याला घरी होते, पीएचडीचा व्हायवा होऊन आठवडा झाला होता, आणि ओटीवर बसलेल्या तीन शेजारणींना आजी कौतुकानं सांगत होती की आमची पोरगी डॉक्टर झाली पण सुईवाली नाही. मग एकीनं साहजिकच विचारलं की मग कशाची डॉक्टर, आणि मी जरा बावळटासारखं सांगितलं की एक प्लास्टिकसारखी फिल्म असते, तिच्यातून पाणी इकडून तिकडे कसं जातं ते मी मोजलं. त्यावर आजीचं हे वाक्य. मी हसले, सगळ्या हसल्या, पण खरं सांगायचं तर उत्तर हो असंच आहे. सहा वर्षं पाणीच मोजलं. आणि त्यातलं जवळजवळ दीड वर्ष चुकीचा ग्राफ काढत बसले होते, तेही सांगते.

आधी ती फिल्म काय ते. फ्युएल सेलमध्ये एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मध्ये ही मेम्ब्रेन. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून जातात, ती तुमची वीज, आणि उरलेला प्रोटॉन मेम्ब्रेनमधून पलीकडे जातो, तिथे ऑक्सिजनशी गाठ पडते आणि पाणी होतं. १ किलो हायड्रोजन जाळला (जाळला म्हणायचं नसतं, पण चालू द्या) की जवळजवळ ९ किलो पाणी. म्हणून सगळ्या बातम्यांत ते वाक्य असतं ना, "धूर नाही, फक्त पाणी बाहेर पडतं". त्या बातम्यांत हे कधीच नसतं की त्या पाण्यानंच इंजिनिअर लोकांचे केस पांढरे केलेत.

सगळ्यात प्रसिद्ध मेम्ब्रेन म्हणजे नॅफिऑन. ड्यूपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट नावाच्या माणसानं १९६० च्या दशकाच्या शेवटी केलेली. रचना डोक्यात ठेवायला सोपी आहे, पाठीचा कणा टेफ्लॉनचा, म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच, आणि त्या कण्याला ठिकठिकाणी लोंबणाऱ्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फॉनिक आम्लाचा गट. आता टेफ्लॉन म्हणजे पाण्याचा पक्का शत्रू आणि सल्फॉनिक आम्ल म्हणजे पाण्यासाठी हपापलेलं. दोघं एकाच रेणूला बांधलेले, त्यामुळे घटस्फोट शक्य नाही. मग ते काय करतात तर एकाच घरात वेगळ्या खोल्या करतात, टेफ्लॉन टेफ्लॉनकडे गोळा होतो, आम्लाचे गट एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत पाणी भरतं. या जागा काही नॅनोमीटरच्या. त्यांचा आकार नक्की कसा यावर लोक ४० वर्षं भांडतायत, १९८० च्या सुमारास गिअर्के आणि मंडळींनी सांगितलं की ४ नॅनोमीटरच्या गोळ्या आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या १ नॅनोमीटरच्या बारीक गल्ल्या, मग २००८ मध्ये आयोवाच्या श्मिट-रोर आणि चेन यांनी म्हटलं की छे, लांबच लांब समांतर नळ्या आहेत, सुमारे २.४ नॅनोमीटर व्यासाच्या. दोघांचे स्कॅटरिंगचे (म्हणजे मेम्ब्रेनवर क्ष-किरण सोडून ते कसे विखुरतात त्याचे) ग्राफ तेच, चित्रं वेगळी. मला विचाराल तर आत इतकं नीटनेटकं काहीच नसावं, पुण्यातल्या पेठांसारखं असावं, गल्लीतून बोळ आणि बोळातून वाडा, पण हे मी थिसिसमध्ये लिहिलेलं नाही.

या खोल्यांमध्ये पाणी किती आहे ते मोजायला आमच्याकडे एक आकडा असतो, लॅम्डा. एका सल्फॉनिक गटामागे पाण्याचे किती रेणू, एवढाच अर्थ. कोरड्या मेम्ब्रेनमध्ये लॅम्डा २-३, आणि पूर्ण दमट हवेत ठेवली, म्हणजे १०० टक्के ह्युमिडिटी, तर १४ च्या आसपास. लॅम्डा कमी असला की प्रोटॉनला चालताच येत नाही, मेम्ब्रेन नुसतं प्लास्टिक होऊन बसते. म्हणजे जी वस्तू पाणी तयार करते तिलाच चालायला आधी पाणी लागतं, आणि पाणी जास्त झालं की हवेच्या बाजूला पूर येतो, ऑक्सिजनची वाट अडते आणि सेल गुदमरतो. दोन्हीकडून मरण.

आता प्रोटॉन पाण्यातून कसा जातो. दोन पद्धती. बांधकामावर घमेली कशी पोचवतात ते पाहिलं असेल, एक तर माणूस डोक्यावर घमेलं घेऊन स्वतः चालत जातो, नाहीतर माणसांची रांग उभी असते आणि घमेलं हातोहात पुढे सरकतं, माणसं जागची हलत नाहीत. प्रोटॉनचं दोन्ही चालतं. हातोहातवाली कल्पना ग्रोथूस नावाच्या तरुणानं १८०६ मध्येच मांडली होती, तेव्हा प्रोटॉन हा शब्दही नव्हता, कमाल आहे ना. फरक इतकाच की पाण्याचा रेणू हातात आलेलं घमेलं ठेवून घेतो आणि स्वतःकडचं दुसरंच पुढे देतो. पण मेम्ब्रेनमध्ये पहिली पद्धतही भरपूर चालते, आणि तिथेच सगळी गंमत सुरू होते, कारण प्रोटॉन पाण्याच्या पाठीवर बसून गेला म्हणजे पाणीही गेलं. हायड्रोजनच्या बाजूचं पाणी हवेच्या बाजूला. याला म्हणतात इलेक्ट्रो-ऑस्मॉटिक ड्रॅग, आम्ही नुसतं ड्रॅग म्हणतो.

किती ड्रॅग? अमेरिकेत लॉस अलामॉसच्या लॅबमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नीट मोजलं गेलं. मेम्ब्रेन दमट हवेत असेल तर प्रत्येक प्रोटॉनमागे साधारण १ पाण्याचा रेणू, आणि द्रव पाण्यात बुडालेली असेल तर अडीचच्या आसपास.

हा १ छोटा वाटतो. म्हणून मी पहिल्या वर्षी एकदा मेसमध्ये टिश्यू पेपरवर हिशोब केला होता तो इथे करून दाखवते, मला तो अजून आवडतो. पाणी तयार व्हायला २ प्रोटॉन लागतात, म्हणजे प्रोटॉनमागे अर्धा रेणू तयार होतो. आणि ओढून नेला जातो १. म्हणजे सेल जेवढं पाणी बनवतो त्याच्या दुप्पट पाणी नुसतं ओढून हवेच्या बाजूला टाकलं जातं! आता १ चौरस सेंटीमीटर मेम्ब्रेन घ्या, नॅफिऑन २१२, जाडी ५१ मायक्रॉन, वजन जेमतेम १० मिलिग्रॅम. लॅम्डा १४ धरला तर तिच्यात पाणी सुमारे २.३ मिलिग्रॅम. त्या तुकड्यातून १ अँपिअर करंट काढला की ड्रॅगनं दर सेकंदाला ०.१९ मिलिग्रॅमच्या जवळपास पाणी पलीकडे जातं. भागाकार करा. १२ सेकंद. परत काहीच आलं नाही तर १२ सेकंदांत पूर्ण मेम्ब्रेनमध्ये होतं तेवढं पाणी ओढून नेलेलं असेल.

पण सेल तर तासन्‌तास चालतो. म्हणजे पाणी परत येतंय. हवेच्या बाजूला पाणी जास्त, हायड्रोजनकडे कमी, त्यामुळे ते आपसूक उलटं पाझरतं, ज्याला बॅक डिफ्युजन म्हणतात. म्हणजे त्या केसापेक्षा पातळ फिल्ममधून एकाच वेळी पाण्याची दोन्ही दिशांनी ये-जा चालू असते, आणि या दोन्हींचा हिशोब जुळला तर सेल जगतो. माझा थिसिस या परतीच्या वाटेवर होता.

इतिहासात थोडं डोकावते कारण तो मला फार आवडतो. असली पॉलिमर मेम्ब्रेन घेऊन फ्युएल सेल पहिल्यांदा अवकाशात गेला तो अमेरिकेच्या जेमिनी ५ यानात, २१ ऑगस्ट १९६५. जनरल इलेक्ट्रिकनं केलेला सेल, तेव्हा नॅफिऑन नव्हती, पॉलिस्टायरीनची मेम्ब्रेन होती आणि ती हळूहळू कुजायची. तिथे वर जाऊन वजनच नाही तर पाणी खाली ओघळणार कसं, म्हणून त्यांनी सेलमधलं पाणी काढायला वाती लावल्या होत्या. खरंच वाती, समईत असते तशी, पाणी शोषून बाजूला नेणारी. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली फ्युएल सेल बस लोकांसमोर आली ती तारीखही २१ ऑगस्टच, २०२२. बरोब्बर ५७ वर्षं. योगायोग आहे, काही अर्थ नाही, पण मी हे लॅबमध्ये सांगितलं तेव्हा कोणालाच भारी वाटलं नाही म्हणून इथे सांगतेय.

तर माझा प्रयोग. ऐकायला इतका सोपा की लाज वाटावी. दोन प्लेटींच्या मध्ये मेम्ब्रेन दाबून बसवायची, एका बाजूनं ओला नायट्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूनं कोरडा, आणि कोरडा बाहेर पडताना किती ओला होऊन आला ते मोजायचं. ओला करायला बबलर, म्हणजे गरम पाण्याची स्टीलची बाटली आणि तिच्यातून बुडबुडे. बस. करंट नाही, हायड्रोजन नाही, स्फोटाची भीती नाही. हे वेगवेगळ्या जाडीच्या मेम्ब्रेन घेऊन करायचं, २५ मायक्रॉन, ५१ मायक्रॉन, १२७ मायक्रॉन. शाळेत शिकलेला नियम, जाडी अर्धी केली की पाझर दुप्पट.

त्याआधी मेम्ब्रेन साफ करायची ती एक वेगळीच पूजा. आधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तासभर, मग डीआय (म्हणजे सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात उकळायची, मग सौम्य सल्फ्युरिक आम्लात, मग परत पाण्यात, परत पाण्यात. पिवळट आलेला तुकडा या सगळ्यातून काचेसारखा स्वच्छ होऊन निघतो, त्याचा एक आनंद असतो, भांडी घासून झाल्यावर असतो तसा. मग ती वाळवून वजन करायला गेलात की दुसरी करमणूक, काट्यावरचा आकडा थांबतच नाही, कारण ती बसल्या बसल्या हवेतलं पाणी पिते. मे महिन्यात पुण्यात लॅबची हवा कोरडी असते तेव्हा निदान सावकाश चढतो, जुलैमध्ये तर बघवत नाही. मी पहिल्या पावसाळ्यात आठवडाभर काटा बिघडला समजून त्याला कॅलिब्रेट करत होते.

आणि एक गोष्ट जी प्रत्येक नवीन पोराला दाखवतो आम्ही. कोरड्या मेम्ब्रेनवर पाण्याचा थेंब ठेवा. वाटेल की इतकी तहानलेली आहे तर गटकन पिऊन टाकेल. तर नाही, थेंब वर उभा राहतो! अळूच्या पानावर राहतो तितका मोती नाही होत, पण फुगून बसतो, कडेचा कोन ९० अंशांच्या वर, ११० च्या जवळपास. आणि मग दोन-चार सेकंदांत मेम्ब्रेन खालून वाकते, ओली बाजू फुगते आणि कोरडी बाजू नाही फुगत, तळणीतल्या पापडासारखी वळते आणि थेंब घरंगळून जातो. आत इतकी तहान आणि वर इतका नखरा. हे मी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल, लोकांना दाखवलं असेल, टाळ्या घेतल्या असतील, आणि तरीही माझ्या डेटामध्ये काय चाललंय ते मला कळलं नाही. यालाच पीएचडी म्हणतात बहुतेक.

कारण डेटा काय म्हणत होता, तर १२७ वरून ५१ वर आले, पाझर वाढला पण हवा तितका नाही. ५१ वरून २५ वर आले, दुप्पट व्हायला हवा होता, थोडासाच वाढला. मला वाटलं गॅस्केट गळतंय. गॅस्केट बदलले. टॉर्क रेंचनं स्क्रू परत आवळले, डायरीत प्रत्येक स्क्रूचा आकडा लिहिला. मग वाटलं बबलरमधून सेलकडे येताना पाईपमध्येच पाणी गोठतंय, म्हणजे थंड होऊन थेंब होतायत, तर पूर्ण पाईपला हीटिंग टेप गुंडाळली, वरून फॉइल, सेटअप अगदी लग्नातल्या मिठाईच्या डब्यासारखा चकाकत होता. मग ह्युमिडिटी सेन्सरमध्ये एकदा पाणी गेलं आणि त्यानं कायमचं १०० दाखवायला सुरुवात केली, नवीन मागवला, ज्या कंपनीकडून मागवला तिनं साडेतीन महिने लावले आणि आला तो दुसऱ्याच थ्रेडचा. ते साडेतीन महिने मी काय केलं हे मला आठवत नाही, चहा पीत असावे.

शेवटी एका मीटिंगमध्ये मॅडमनी (माझ्या गाईड, फार कमी बोलतात) तो ग्राफ बघितला आणि म्हणाल्या, "अगं, पाझर कशाला काढतेस, त्याचा व्यस्त काढ ना. रेझिस्टन्स काढ जाडीविरुद्ध आणि रेष शून्यातून जाते का बघ."

मी जागेवर जाऊन एक्सेलमध्ये १ भागिले केलं. पाच मिनिटांचं काम. तीन बिंदू, आणि त्यांच्यातून जाणारी रेष, अगदी सरळ. आणि ती शून्यातून जात नव्हती. वरच कुठेतरी अक्षाला कापत होती. म्हणजे जाडी शून्य केली, म्हणजे मेम्ब्रेन उरलीच नाही, तरीसुद्धा अडथळा शिल्लक. कुठला अडथळा? आतला नाही, कारण आत काही उरलंच नाही. दारातला. वरच्या पृष्ठभागाचा. मला ते दिसलं तेव्हा खुर्चीतून उठून लॅबच्या बाहेर जाऊन आले, कारण तो थेंब डोळ्यासमोर आला, उभा राहणारा.

अर्थात हे मी शोधलं असं काही नाही, लगेच लिटरेचर उघडलं तर प्रिन्स्टनच्या बेन्झिगरांच्या गटानं २००७-०८ च्या सुमारास हेच दाखवलेलं, की पाणी वाफेतून मेम्ब्रेनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना पृष्ठभागाचा अडथळा मोठा असतो, आणि कोरडीला भिजायला जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा ओलीला सुकायला कितीतरी कमी. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या लोकांनी तर माझ्यासारखाच जाडी बदलून बदलून प्रयोग केलेला. पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता. वाचलाही होता. पिवळा हायलाइटसुद्धा मारलेला होता, चुकीच्या वाक्यावर.

घरी समजावताना मी हे माठावरून सांगते. माठावरून मला सुचलं असं लिहिता आलं असतं तर पोस्ट छान झाली असती, पण सुचलं एक्सेलमध्ये, माठ नंतर आला. तर आमच्या डोंबिवलीच्या मावशीनं एकदा हौसेनं अकोल्याहून माठ नेला, रेल्वेत मांडीवर धरून, आणि महिन्याभरात फोन, "ताई, तुझ्या माठात पाणी गार होत नाही गं, नुसता पाझरतो, खाली ताटली ठेवावी लागते." आजी म्हणे मातीत खोट नाही, तुझ्या हवेत खोट आहे. आणि बरोबर आहे. अकोल्यात ४५ डिग्रीत कोरडी हवा माठाच्या अंगावर आलेलं पाणी आलं की पळवते, डोंबिवलीत हवा आधीच ओली, पाणी भिंतीतून येतं पण अंगावरून उडतच नाही. भिंत तीच, छिद्रं तीच. ठरवतंय कोण, तर बाहेरचा पृष्ठभाग आणि त्याला लागून असलेली हवा. आता समजा तुम्ही माठाची भिंत निम्मी पातळ केली, तर डोंबिवलीत काही फरक पडेल का? ताटली जरा लवकर भरेल फार तर.

एवढं साम्य आहे, पुढे ते तुटतं, कारण माठाची माती पाणी आहे की नाही बघून स्वतःला बदलत नाही. मेम्ब्रेन बदलते. समोर कोरडी हवा असेल तर तिच्या वरच्या थरातल्या टेफ्लॉनच्या साखळ्या बाहेरच्या बाजूला सरकतात आणि आम्लाचे गट आत तोंड लपवतात, म्हणून तो अळूपणा. समोर द्रव पाणी आलं की उलट, आम्लाचे गट बाहेर येतात, दारं उघडतात. माणसांसारखंच, समोर कोण आहे त्याप्रमाणे चेहरा. द्रव पाणी दोन्ही बाजूंना ठेवून प्रयोग केला की माझी ती रेष खूपच शून्याजवळ जायची, दाराचा अडथळा जवळपास गायब.

आणि यातूनच एक जुनं भूत निघतं, श्रोडरचं कोडं. १९०३ मध्ये फॉन श्रोडर या गृहस्थांनी जिलेटिनवर बघितलं की ते १०० टक्के दमट वाफेत जेवढं फुगतं त्यापेक्षा द्रव पाण्यात जास्त फुगतं. नॅफिऑनचंही तेच, वाफेत लॅम्डा १४, उकळून पाण्यात ठेवली तर २२. ऊर्जेच्या हिशोबानं दोन्ही पाण्यांची लायकी सारखीच, मग ८ रेणू जास्त कशाला? यावर इतके पेपर आहेत की एखाद्याची नोकरी त्यावर निघावी. बर्कलीच्या न्यूमन आणि मंडळींनी २००७ मध्ये सांगितलं की कोडंबिडं काही नाही, तुमच्या मेम्ब्रेनचा आधीचा इतिहास वेगळा असतो, किती तापवली, किती वाळवली, तो सारखा ठेवा आणि भरपूर वेळ थांबा, दोन्ही आकडे एक होतात. मी यावर मॅडमसमोर एकदा ठाम मत दिलं होतं आणि त्यांनी फक्त "हं" केलं होतं, त्यामुळे आता देत नाही. पण इतिहासाचं मात्र पटतं. एकदा कडक वाळवलेली मेम्ब्रेन नंतर कितीही लाड करा, पहिल्यासारखं पाणी धरत नाही, तिला परत उकळावंच लागतं.

माझ्यावर व्हायवात एक प्रश्न आला तो इथे सांगायला हवा कारण तो योग्य होता. परीक्षक म्हणाले की तुम्ही जो दाराचा अडथळा म्हणताय तो मेम्ब्रेनचा कशावरून, तिला चिकटून हवेचा जो सुस्त थर असतो त्याचा असेल. बरोबर आहे, डोंबिवलीच्या माठाचं तेच तर आहे. मी यासाठी हवेचा वेग वाढवत नेऊन बघितलं होतं, वेग वाढवला की अडथळा कमी होत जातो, मग एका जागी येऊन थांबतो, त्यापुढे कितीही फुंका. थांबलेला तो मेम्ब्रेनचा, असं माझं म्हणणं. ते म्हणाले तुमच्या सेलच्या चॅनेलमध्ये कोपऱ्यात हवा थांबत नसेल कशावरून. मी म्हटलं सर, थांबत असेल. खरंच या प्रश्नावर फिल्डमध्येही दोन गट आहेत, किती भाग हवेचा आणि किती त्या कातडीचा, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या सेलच्या डिझाइनला नावं ठेवतात. व्हायवानंतरच्या जेवणात ते सर माझ्याच शेजारी बसले आणि श्रीखंड वाढताना म्हणाले की तुमचा प्रयोग चांगला आहे हो, मी फक्त विचारलं.

हे सगळं कशाला एवढं, असं बाबांनी विचारलं होतं, आणि बाबा एसटीतून रिटायर झालेत म्हणून मी त्यांना गाडीतूनच सांगितलं. जुन्या काळी मेम्ब्रेन जाड होती, १७५-१८० मायक्रॉनची, नॅफिऑन ११७ वगैरे, तेव्हा आतला रस्ता इतका लांब की दाराचा अडथळा कोणाच्या लक्षात येणार. आता गाड्यांत १०-१५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेन येतात, मधे ताणलेल्या टेफ्लॉनची जाळी घालून मजबूत केलेल्या. पातळ केल्या कशाला, तर परतीचं पाणी लवकर यावं म्हणून, आणि प्रोटॉनलाही जवळ. टोयोटाची मिराई २०१४ च्या शेवटी आली तेव्हा तिच्यात हवा ओली करणारं वेगळं यंत्रच नव्हतं. पातळ मेम्ब्रेन, आणि हायड्रोजन आणि हवा एकमेकांच्या उलट दिशेनं सोडलेले, म्हणजे हवा जिथून ओलीचिंब होऊन बाहेर पडते तिथेच पलीकडे कोरडा हायड्रोजन आत येतो आणि पाणी मेम्ब्रेनमधून त्याच्याकडे जातं. घरातलं पाणी घरातच फिरवायचं. आमच्या विदर्भातल्या माणसाला हे लगेच पटतं. नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये याच गाडीतून संसदेत गेले होते, तो फोटो बाबांनी पाहिलेला होता, त्यामुळे माझं काम पहिल्यांदाच त्यांना खरं वाटलं. त्या गाडीत एक बटण असतं एच-टू-ओ लिहिलेलं, दाबलं की साठलेलं पाणी खाली सोडून देते, म्हणजे घरात गाडी लावताना फरशी ओली नको. बाबा म्हणाले हे बटण आमच्या एसटीच्या रेडिएटरला पाहिजे होतं.

पण इतकी पातळ केली की माझी ती रेष आठवा, जाडीचा भाग संपत आला, आता राहिलं ते दारच. अजून पातळ करून फायदा कमी कमी होत जाणार. आणि त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे कॅटॅलिस्टच्या थरात (मेम्ब्रेनला चिकटून असतो तो, प्रत्यक्ष रासायनिक क्रिया तिथेच होते) प्लॅटिनमच्या कणांवर याच पॉलिमरची जी साय असते ती काही नॅनोमीटरचीच, तिला आत असं काही नाहीच, दोन्हीकडून नुसतं दार. तिथलं पाणी कसं वागतं ते आमच्या मोठ्या तुकड्यांवरून सांगता येत नाही, आकडेच वेगळे येतात. माझी ज्युनिअर आता त्यावर काम करतेय. तिनं मला मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन करून विचारलं, "ताई, काट्यावरचा आकडा थांबत नाहीये, काटा बिघडलाय का गं?" मी बाहेर बघितलं, धो धो पाऊस. म्हटलं बाळा, झोप.

माझ्या थिसिसच्या घरच्या कॉपीत शेवटच्या पानाला मी नॅफिऑन २१२ चा एक उरलेला तुकडा सेलोटेपनं चिकटवला होता, आठवण म्हणून. तो आता चहाच्या रंगाचा झालाय, घरातल्या हवेतलं काय काय पिऊन. मे महिन्यात पान उघडलं तर सपाट होता. काल उघडलं तर दोन ठिकाणी फुगून वर आलेला, टेपचा एक कोपरा सोडून.